मुठीतील कळ आणि मनातील कळ

कारागिराची कीर्ती त्याच्या हत्याराच्या उपयोगाशी कायमची बांधलेली असते. अमेरिकेतील ऑग्डेन येथे १८५५ साली एका बंदूक-कारागिराच्या घरी जन्मलेला जॉन ब्राउनिंग याचे चरित्र हेच सांगते. गोळी सुटताना बसणारा धक्का त्याने कामाला जुंपला. त्या धक्क्याने पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते व नवे काडतूस नळीत येते. चाप मात्र दर गोळीस नव्याने ओढावा लागतो. १९१० च्या चाचणीत ६,००० गोळ्या झाडून झाल्यावर अमेरिकन लष्कराने १९११ साली ते स्वीकारले. मूठ नीट धरल्याखेरीज गोळी सुटू नये, अशी कळही त्यात होती. तथापि, त्याच्याच आराखड्यावर बेल्जममध्ये घडलेल्या दुसऱ्या पिस्तुलाने १९१४ साली साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा बळी घेतला आणि महायुद्ध भडकले. १९२६ साली बेल्जममधील त्याच कारखान्यात ब्राउनिंगचा अंत झाला. त्याचे अपुरे राहिलेले पिस्तूल सहकाऱ्याने पूर्ण केले. पुढे इशापूरला घडून ते भारतीय सैन्यातही आले. मुठीत कळ बसविणे कारागिराच्या हाती असते. मनात ती बसविणे हे समाजाचेच कर्तव्य होय.