सागराचा इतिहासकार : सर जॉन मरे

रत्नागिरीहून समुद्रकाठाने गणपतीपुळ्याकडे जाऊ लागले, की वाटेत आरे-वारेचा किनारा लागतो. टेकडीवरून खाली पाहिले असता सुरूची झाडे, ओल्या वाळूचा पट्टा आणि त्यापलीकडे क्षितिजापर्यंत पसरलेला अरबी समुद्र दृष्टीस पडतो. आषाढात खवळणारा आणि कार्तिकात शांत होणारा हा समुद्र हजारो वर्षांपूर्वीही असाच होता काय? पाण्यावर कोणाला काही लिहून ठेवता येत नाही. परंतु समुद्राने आपला इतिहास स्वतःच्या तळाशी जपून ठेवला आहे. त्या इतिहासाची पहिली अक्षरे ज्यांनी ओळखली, त्यांत सर जॉन मरे यांची गणना होते.

मरे यांचा जन्म ३ मार्च १८४१ रोजी कॅनडातील कोबर्ग या गावी एका स्कॉटिश कुटुंबात झाला. वयाच्या सतराव्या वर्षी ते शिक्षणासाठी स्कॉटलंडमध्ये आजोबांकडे आले. एडिंबरोच्या विद्यापीठात त्यांनी अनेक विषयांचा मनापासून अभ्यास केला. पदवी मात्र घेतली नाही. १८६८ साली देवमाशांची शिकार करणाऱ्या एका जहाजावर डॉक्टर म्हणून ते उत्तर ध्रुवाकडील समुद्रात जाऊन आले.

१८७२ साली जगातील महासागरांचा अभ्यास करण्यासाठी ‘चॅलेंजर’ नावाचे जहाज सज्ज झाले. वायव्हिल थॉमसन हे त्यावरील शास्त्रज्ञांचे प्रमुख होते. ऐनवेळी एक जागा रिकामी झाली व ती मरे यांना मिळाली. २१ डिसेंबर १८७२ रोजी निघालेले हे जहाज २४ मे १८७६ रोजी परत आले.

या प्रवासात समुद्राच्या तळाचा गाळ वारंवार वर काढला जाई. अनेक ठिकाणी तो गाळ म्हणजे मोहरीहूनही लहान अशा असंख्य चुनामय कवचांची रास असे. ही कवचे ‘ग्लोबिजेरिना’ आणि तिच्यासारख्या इतर सूक्ष्म जीवांची होती. हे जीव तळाशीच राहत असले पाहिजेत, असे थॉमसन यांना वाटत असे. तरुण मरे यांना मात्र ते पटेना. प्रमुखांचे मत खोटे ठरवायचे, तर नुसता वाद घालून भागणार नव्हते. पुरावा हवा होता. म्हणून मरे यांनी तलम जाळी पाण्यात सोडून पृष्ठभागाजवळचे पाणी गाळण्याचा परिपाठ ठेवला. ऊन असो वा वादळ, त्यांचे काम चालूच असे. तेच जीव वरच्या पाण्यात जिवंत तरंगताना सापडले! ते मेल्यावर त्यांची कवचे सावकाश तळाशी जातात, हे सिद्ध झाले. थॉमसन यांचा मोठेपणा असा, की पुरावा पाहताच त्यांनी आपले मत बदलले.

मरे यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. उष्ण प्रदेशातील पाण्यात या जीवांच्या जाती पुष्कळ असतात, तर थंड पाण्यात थोड्या. आणि तळाची कवचे त्या त्या ठिकाणच्या वरच्या पाण्याशी जुळतात. मग तळाच्या खालच्या, म्हणजे जुन्या थरात वेगळ्या जाती आढळल्या तर? त्या काळी वरचे पाणी आजच्याहून उष्ण किंवा थंड होते, असा त्याचा अर्थ होतो. याच मार्गाने पुढे १९३५ साली वोल्फगांग शॉट या जर्मन शास्त्रज्ञाने अटलांटिक महासागराच्या गाळातून हिमयुगाची खूण शोधून काढली.

१८८२ साली थॉमसन निवर्तले. मोहिमेच्या वृत्तान्ताचा भार मरे यांनी शिरावर घेतला, प्रसंगी पदरचा पैसा खर्च केला आणि १८९५ साली ५० खंडांचे ते कार्य तडीस नेले. पुढे हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावरील फॉस्फेटच्या खाणींमुळे त्यांना मोठे धन मिळाले. परंतु ते त्यांनी केवळ स्वतःपुरते ठेवले नाही. १९१० साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ते स्वखर्चाने पुन्हा अटलांटिकच्या संशोधनास निघाले. १६ मार्च १९१४ रोजी मोटारीच्या अपघातात त्यांचा अंत झाला.

सागरसंशोधनासाठी त्यांनी मागे ठेवलेल्या धनातूनच १९३३-३४ साली एक मोहीम आपल्या अरबी समुद्रात आली. ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजावरून तिने या समुद्राची खोली मोजली व त्याच्या पाण्याची परीक्षा केली. नैऋत्य मोसमी वारे जोराने वाहू लागले, की अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ खालचे थंड पाणी वर येते आणि त्यात ग्लोबिजेरिनाची एक जात विपुल वाढते, हे आता ज्ञात आहे. म्हणून तेथील गाळाच्या थरांत त्या जातीची कवचे मोजून हजारो वर्षांपूर्वीच्या मोसमी वाऱ्यांचा जोर अजमावता येतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही अशा सूक्ष्म कवचांचा अभ्यास केला जातो.

आरे-वारेच्या किनाऱ्यावर पावसाळी वारा सुटतो, तेव्हा दूर खोल समुद्रात ही कवचे संथपणे तळाकडे जात असतात. या वर्षीच्या पावसाळ्याची नोंदही त्यांच्यात राहील. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या वस्तूकडेही आदराने पाहावे, आणि जे खरे वाटते ते कष्टाने सिद्ध करावे, हेच जॉन मरे यांच्या जीवनाचे सार होय.