विश्लेषण : ज्यांच्या अस्थी चंद्रावर पोहोचल्या, ते यूजीन शूमेकर कोण होते?

३१ जुलै १९९९ रोजी ‘नासा’चे ‘लूनार प्रॉस्पेक्टर’ हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ ठरवून आदळवण्यात आले. यानात एक छोटी कुपी होती आणि त्या कुपीत एका माणसाच्या सुमारे २८ ग्रॅम अस्थी. हा माणूस आयुष्यभर चंद्रावर जाण्याची तयारी करत होता; पण प्रकृतीने साथ दिली नाही. त्यामुळे त्याने स्वतःऐवजी कॅमेरे आणि उपकरणे पाठवली. पृथ्वीवर दगड-हातोडा घेऊन फिरणाऱ्या भूगर्भशास्त्राला ग्रह, धूमकेतू आणि लघुग्रहांपर्यंत नेणाऱ्या यूजीन शूमेकर यांची ही गोष्ट.

भूगर्भशास्त्रज्ञाला चंद्राचे वेड कसे लागले?

शूमेकर यांचा जन्म २८ एप्रिल १९२८ चा, अमेरिकेतील लॉस एंजलिसचा. ‘कॅलटेक’मधून वयाच्या १९ व्या वर्षी ते पदवीधर झाले आणि १९४८ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात रुजू झाले. काम होते कोलोरॅडो आणि युटामध्ये युरेनियमचे साठे शोधण्याचे. माणूस कधी तरी चंद्रावर जाणार आणि तिथे भूगर्भशास्त्रज्ञ लागणारच, हे त्यांनी तेव्हाच मनाशी पक्के केले होते. त्या वेळी एकही कृत्रिम उपग्रह अवकाशात गेलेला नव्हता!

ॲरिझोनातील खड्ड्याने काय सिद्ध केले?

ॲरिझोनाच्या वाळवंटात सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे आणि १७० मीटर खोल विवर आहे. ते ज्वालामुखीच्या वाफेच्या स्फोटातून झाले, असा निष्कर्ष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका नामवंत भूगर्भशास्त्रज्ञाने काढला होता. खाण अभियंता डॅनियल बॅरिंजर यांना मात्र ते उल्काघाताचे वाटत होते. लोखंडाचा गोळा खाली सापडेल म्हणून त्यांनी अनेक वर्षे खोदकाम केले. गोळा काही मिळाला नाही.

शूमेकर यांनी नेवाडातील अणुचाचण्यांमुळे पडलेले खड्डे पाहिले होते. खड्ड्याच्या काठावर खडकांचे थर उलटे पडलेले असतात, म्हणजे सर्वांत खालचा थर वर आलेला असतो. ॲरिझोनातही नेमके तेच दिसले. १९६० मध्ये एडवर्ड चाओ आणि शूमेकर यांना तिथे ‘कोएसाइट’ हे खनिज सापडले. साध्या वाळूतल्या क्वार्ट्झवर हवेच्या दाबाच्या २० हजार पटींहून अधिक दाब आला, तरच ते तयार होते. ज्वालामुखीच्या तोंडाशी एवढा दाब येत नाही. म्हणजे आकाशातूनच काही तरी आदळले होते. बॅरिंजर यांचे म्हणणे बरोबर होते. आदळलेल्या लोखंडाचा बहुतांश भाग धडकेतच वितळून-विखरून गेला होता.

याच धर्तीच्या पुराव्यांमुळे आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचाही उलगडा झाला. प्रचंड धक्क्याने काचेसारखी झालेली खनिजे तिथल्या खडकात सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि लोणारचे विवर आघातातून झाल्याचे मान्य झाले.

मग चंद्राचा संबंध कुठे आला?

चंद्रावरची विवरेही आघातांची असतील, तर ती घड्याळासारखी वापरता येतात. रस्ता जितका जुना तितके खड्डे जास्त, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. चंद्रावर दुरुस्ती करणारे कोणीच नाही. त्यामुळे ज्या भागात विवरे जास्त, तो भाग जुना. कोणत्या विवराचा मलबा कोणाच्या अंगावर पडला आहे, हे पाहून शूमेकर यांनी चंद्राच्या इतिहासाचा क्रम लावला. ग्रहांवर यान पाठवल्यावर शास्त्रज्ञ आजही आधी विवरे मोजतात, ते याच कारणाने.

ते स्वतः चंद्रावर का गेले नाहीत?

१९६३ मध्ये त्यांना ॲडिसनचा आजार असल्याचे निदान झाले. यात मूत्रपिंडावरच्या ग्रंथी पुरेशी संप्रेरके तयार करत नाहीत. अंतराळवीर होण्याचा मार्ग तिथेच बंद झाला. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते.

त्यांनी दुसरा मार्ग धरला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात त्यांनी खगोल-भूगर्भशास्त्राची स्वतंत्र शाखा उभी केली होती. ती त्याच सुमारास ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफला आली. तिथल्या विवरांत आणि लाव्हाच्या पठारांवर अपोलोच्या अंतराळवीरांना खडक वाचायला शिकवले गेले. त्याच शाखेत काम केलेले हॅरिसन श्मिट डिसेंबर १९७२ मध्ये ‘अपोलो १७’मधून चंद्रावर उतरले. चंद्रावर चाललेले ते पहिले भूगर्भशास्त्रज्ञ. स्वप्न खरे झाले, पण दुसऱ्याच्या पायांनी.

यानांवरील उपकरणांनी काय दाखवले?

‘सर्व्हेयर’ यानांवरील टीव्ही कॅमेऱ्यांच्या प्रयोगाचे प्रमुख शूमेकर होते. चंद्रावर धुळीचा इतका जाड थर असेल की यान त्यात रुतेल, अशी भीती तेव्हा होती. २ जून १९६६ रोजी ‘सर्व्हेयर १’ उतरले. कॅमेऱ्याने यानाच्या पायाचेच फोटो काढले, पाय जेमतेम काही सेंटिमीटर रुतला होता. माणसाचे वजन ही जमीन पेलणार, हे स्पष्ट झाले. पुढच्या वर्षी ‘सर्व्हेयर ५’वरील उपकरणाने मातीवर अल्फा कण सोडून त्यातली मूलद्रव्ये ओळखली. ती बेसॉल्टशी, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या जातकुळीशी जुळणारी होती.

१९९४ मध्ये शूमेकर ‘क्लेमेंटाइन’ मोहिमेच्या विज्ञानचमूचे प्रमुख होते. या यानाने वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात जवळपास संपूर्ण चंद्राचा नकाशा तयार केला. दक्षिण ध्रुवाजवळच्या कायम सावलीतल्या विवरांत बर्फ असावा, असा पहिला इशारा त्याच्या रेडिओ लहरींनी दिला. पुढचा टप्पा एका लघुग्रहाचा होता. पण सॉफ्टवेअरमधील बिघाडाने यानाचे इंधन संपले आणि ती भेट हुकली.

गुरूवर आदळलेला धूमकेतू कोणता?

सत्तरच्या दशकात शूमेकर यांनी मोर्चा वळवला तो आघात करणाऱ्यांकडे, म्हणजे लघुग्रह आणि धूमकेतूंकडे. पत्नी कॅरोलिन यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे काम हाती घेतले आणि ३२ धूमकेतू शोधले. पालोमार वेधशाळेतील छोट्या दुर्बिणीने आकाशाच्या एकाच भागाचे थोड्या वेळाच्या अंतराने दोन फोटो घ्यायचे आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून पाहायचे. तारे जागेवर राहतात, हलणारी वस्तू मात्र तरंगल्यासारखी दिसते.

मार्च १९९३ मध्ये या दोघांना आणि डेव्हिड लेव्ही यांना अशाच फोटोंत एक ‘चेंगरलेला’ धूमकेतू दिसला. गुरूच्या ओढीने त्याचे तुकडे झाले होते. १६ ते २२ जुलै १९९४ दरम्यान हे तुकडे सेकंदाला सुमारे ६० किलोमीटर वेगाने गुरूवर आदळले. आघात पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूला होत होते. पण गुरूकडे निघालेल्या ‘गॅलिलिओ’ यानाला ते थेट दिसले. एका तुकड्याचा काळा डाग तर जवळपास पृथ्वीच्या व्यासाएवढा होता.

आघात ही केवळ इतिहासजमा गोष्ट नाही, हे जगाने तेव्हा डोळ्यांनी पाहिले. पृथ्वीजवळचे धोकादायक लघुग्रह कसे शोधायचे, याचा आराखडा १९९५ मध्ये शूमेकर यांच्याच अध्यक्षतेखालील गटाने दिला. एक किलोमीटरहून मोठे ९० टक्के लघुग्रह शोधण्याचे उद्दिष्ट ‘नासा’ने १९९८ मध्ये स्वीकारले.

शेवट कसा झाला आणि पुढे काय?

ते उद्दिष्ट पाहायला शूमेकर नव्हते. १८ जुलै १९९७ रोजी ऑस्ट्रेलियात विवरांचा अभ्यास करताना ॲलिस स्प्रिंग्जजवळ मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. कॅरोलिन जखमी झाल्या. काही महिन्यांनी, जानेवारी १९९८ मध्ये, त्यांच्या अस्थी घेऊन ‘लूनार प्रॉस्पेक्टर’ निघाले.

या यानावर न्यूट्रॉन मोजणारे उपकरण होते. गोटी तेवढ्याच वजनाच्या गोटीवर आदळली की तिचा वेग जवळपास संपतो. न्यूट्रॉनचेही हायड्रोजनवर आदळल्यावर तसेच होते. ध्रुवांवरून येणारे न्यूट्रॉन मंदावलेले दिसले, म्हणजे तिथे हायड्रोजन आहे आणि तो पाण्याचा असू शकतो. क्लेमेंटाइनने दिलेल्या इशाऱ्याला असे बळ मिळाले. आज भारतासह अनेक देशांचा डोळा चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे आहे, तो याच पाण्यासाठी.

एरॉस या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या ‘निअर’ यानालाही २००० मध्ये शूमेकर यांचे नाव देण्यात आले. १२ फेब्रुवारी २००१ रोजी ते एरॉसवर अलगद उतरले. लघुग्रहावर उतरणारे हे पहिले यान. खरे तर ते उतरण्यासाठी बनवलेलेच नव्हते. तरीही त्याचा गॅमा किरण मापक पृष्ठभागाला टेकून सुमारे दोन आठवडे दगडातली मूलद्रव्ये मोजत राहिला.

२६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘डार्ट’ यान डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम धडकवण्यात आले आणि त्याची सुमारे १२ तासांची प्रदक्षिणा अर्ध्या तासाहून अधिक कमी झाली. अवकाशातले दगड पृथ्वीवर खड्डे पाडतात, हे शूमेकर यांनी सिद्ध केले होते. आता गरज पडलीच, तर त्या दगडालाच धक्का देता येईल. अट एकच : तो वेळेत दिसायला हवा.