जॉर्जियाचा संस्थापक जेम्स ओगलथॉर्प

अमेरिकेच्या दक्षिण भागांतील इंग्रज वसाहतींचा इतिहास म्हणजे बहुतांशीं तंबाखू, तांदूळ व नीळ ह्यांच्या मळ्यांचा आणि त्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांचा इतिहास होय. परंतु त्याच प्रदेशांत एक वसाहत अशी निघाली कीं, तेथें गुलाम ठेवण्यास प्रथम कायद्यानेंच मनाई होती. ती वसाहत जॉर्जिया. तिचा संस्थापक जेम्स ओगलथॉर्प ह्याचें चरित्र आम्हीं आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. कारण त्याच्या यशापासून जितका बोध घेण्यासारखा आहे, तितकाच त्याच्या अपयशापासूनहि आहे.

ओगलथॉर्पचा जन्म लंडन येथें ता. २२ डिसेंबर १६९६ रोजीं झाला. ईटन व ऑक्सफर्ड येथें शिक्षण घेतल्यावर तो युरोपांत प्रिन्स यूजीनच्या हाताखालीं तुर्कांशीं लढला व १७१७ सालच्या बेलग्रेडच्या वेढ्यांत हजर होता. पुढें १७२२ सालीं तो पार्लमेंटचा सभासद झाला.

त्याच्या आयुष्यास खरें वळण लागलें तें एका मित्राच्या मृत्यूमुळें. रॉबर्ट कॅस्टेल नांवाचा एक विद्वान शिल्पज्ञ कर्जापायीं लंडनच्या फ्लीट तुरुंगांत पडला. तुरुंगाच्या अधिकाऱ्याची पैशाची मागणी त्यास पुरी करतां येईना, म्हणून त्यास देवीची सांथ असलेल्या घरांत कोंडण्यांत आलें. तेथेंच देवी येऊन १७२८ सालीं तो वारला. ओगलथॉर्प नुसता शोक करीत बसला नाहीं. पुढच्याच वर्षीं तुरुंगांची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीचें अध्यक्षपद त्याजकडे आलें, व कैद्यांवरील जुलूम त्यानें चव्हाट्यावर आणिला.

गरिबांस स्वकष्टानें मानानें जगतां यावें, ह्या हेतूनें त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १७३२ सालीं दुसऱ्या जॉर्ज राजाकडून वसाहतीची सनद मिळविली. विश्वस्तांनीं तेथें जमीन घेऊं नये व पगारहि घेऊं नये, असा नियम होता. विश्वस्तांच्या खर्चानें जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबास ५० एकर जमीन मिळावयाची होती. जॉर्जिया कर्जदार कैद्यांनीं वसविली अशी समजूत आहे. पण प्रत्यक्षांत तेथें गेलेले बहुतेक लोक गरीब कारागीर व लहान व्यापारी होते. अशीं सुमारें ११४ माणसें घेऊन ओगलथॉर्प ‘ॲन’ जहाजानें निघाला व फेब्रुवारी १७३३ मध्यें त्यानें सव्हाना शहराचा पाया घातला.

ती भूमि यामाक्रॉ लोकांची होती. त्यांचा वृद्ध नायक टोमोचीची ह्याच्याशीं ओगलथॉर्पनें तलवारीनें नव्हे, तर बोलणें करून सख्य जोडलें. उभयतांमध्यें दुभाष्याचें काम मेरी मसग्रोव्ह ह्या बाईनें केलें. १७३४ सालीं टोमोचीचीस त्यानें इंग्लंडास नेऊन राजाची भेट करविली. हा स्नेह १७३९ सालीं टोमोचीची मरेपर्यंत टिकला. त्याचें शव सव्हानाच्या मध्यभागीं पुरण्यांत आलें, व तें वाहणाऱ्यांत ओगलथॉर्प स्वतः होता.

१७३५ सालीं गुलामगिरीस बंदी करणारा कायदा झाला. ह्या कायद्याचें मूळ केवळ दयेंत नव्हतें, हें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. शेजारीं फ्लॉरिडांत स्पॅनिश शत्रु होता, व गुलाम त्यास जाऊन मिळतील अशी भीति होती. शिवाय गुलाम मिळाल्यास वसाहतवाले आळशी होतील असेंहि विश्वस्तांस वाटे. स्वतः ओगलथॉर्प गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा कांहीं काळ अधिकारी होता. तरी एका गुलामानें आपल्या पित्यास अरबींत लिहिलेलें पत्र हातीं येतांच त्यानें त्याच्या सुटकेसाठीं पैशाची हमी दिली. त्या गुलामाचें नांव आयुबा सुलेमान डियालो. पुढें तो आपल्या देशीं परत पोंचला.

कायदा झाला, पण लोभ मेला नाहीं. पलीकडे कॅरोलिनांतील मळेवाले श्रीमंत होत असलेले पाहून सव्हानाच्या कित्येक रहिवाशांनीं १७३८ सालीं गुलाम मिळावे म्हणून अर्ज केला. उलट डॅरिएन येथील स्कॉच लोकांनीं व एबेनेझर येथें राहणाऱ्या साल्झबर्गच्या निर्वासितांनीं ह्या मागणीस विरोध केला. अनाथाश्रम स्थापणारा प्रसिद्ध उपदेशक व्हिटफील्ड ह्यानेंहि गुलामांची बाजू नव्हे, तर गुलाम मागणाऱ्यांची बाजू उचलून धरली, हें वाचून आमच्या मनास खेद होतो. ओगलथॉर्प मात्र शेवटपर्यंत वळला नाहीं.

१७४२ सालीं त्यानें सेंट सायमन्स बेटावर स्पॅनिश स्वारी परतवून वसाहत वांचविली. पुढच्या वर्षीं तो इंग्लंडास गेला, तो पुन्हां परतला नाहीं. १७५१ पासून गुलामगिरीची बंदी उठली; १७५२ सालीं विश्वस्तांनीं सनद सोडून दिली. १७५० सालीं जॉर्जियांत ५०० हूनहि कमी गुलाम होते. १७७५ पर्यंत त्यांची संख्या सुमारें १८,००० झाली. त्यांच्या वंशजांच्या बेड्या १८६५ सालीं तुटल्या.

ओगलथॉर्प ता. ३० जून १७८५ रोजीं वारला. आपली वसाहत इंग्लंडपासून स्वतंत्र झालेली त्यानें पाहिली. आपला कायदा मोडलेलाहि पाहिला. मग त्याचे श्रम व्यर्थ गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. चांगला कायदा एक मनुष्य करूं शकतो. तो राखणें मात्र सर्वांचें काम आहे. शेजाऱ्याची संपत्ति पाहून आपला नियम मोडावासा वाटेल, त्या वेळीं आमच्या बालवाचकांनीं डॅरिएनच्या त्या मूठभर गरीब लोकांचें स्मरण करावें, एवढीच आमची इच्छा आहे.