पंडिता रमाबाई : अंतःकरणाचा कौल

(द्वितीय वर्ष, कला)

बरेवाईट सांगणारी एक साक्ष प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात असते, असे ख्रिस्ती नीतिशास्त्र मानते. ज्यांच्यापर्यंत धर्मशास्त्र पोचलेच नाही त्यांच्याही हृदयावर ते लिहिलेले असते, असा विचार संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मांडला आहे. पण ही साक्ष एक सांगू लागली आणि धर्मपीठ दुसरेच सांगू लागले, तर श्रद्धावंताने काय करावे? पंडिता रमाबाईंना हा प्रश्न जन्मभर सोडवावा लागला, आणि त्याचा सर्वांत अवघड भाग त्यांच्यापुढे आला तो आपल्या पुण्यात.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले होते. तीच विद्या आईने लेकीला दिली. पुराण सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८७८ मध्ये रमाबाई भावाबरोबर कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांनी जातीबाहेर विवाह केला; पण १८८२ च्या आरंभी तेही गेले. तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर मागितल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे संतापाची लाट उसळली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

आता तरी रमाबाई धर्मगुरूंच्या आज्ञेत राहतील, अशी वाँटेजच्या भगिनींची अपेक्षा होती. ती फोल ठरली. त्रैक्याचा सिद्धांत पटल्याखेरीज अथेनेशियसचा मतांगीकार स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. क्रुसावरचे शब्द आपल्या देशभगिनींना न समजणाऱ्या लॅटिनमध्ये कशाला, संस्कृतात का नकोत, असेही त्यांनी विचारले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असे बिशपांनी कळविले, तेव्हा आपण मायदेशी पुरुषांच्या सभांत वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत, याची त्यांनी आठवण करून दिली. भटभिक्षुकांचे जोखड महत्प्रयासाने उतरविल्यावर दुसरे मानेवर घेणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. आज्ञापालन त्यांना अमान्य नव्हते. पण ते देवाचे, आणि त्याची आज्ञा समजून घेण्याची जबाबदारी ज्याची त्याची, असे त्या मानीत.

माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. थोरांचा शब्द अखेरचा, हे आम्हां मुलींच्या अंगवळणी पडलेले असते. म्हणून परक्या देशात, दुसऱ्यांच्या आश्रयाला राहून त्यांनी दिलेला हा नकार मला फार मोठा वाटतो.

पण खरी कसोटी पुढेच होती. अमेरिकेतून मदत मिळवून रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन उघडले. १८९० मध्ये ते पुण्यास आणले. येथे धर्मोपदेश करायचा नाही, असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना मज्जाव करण्यास बाईंनी नकार दिला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली; १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि सुमारे २५ मुली काढून नेण्यात आल्या.

बाई म्हणत, मी कोणाला बोलावीत नाही, पण येणारीला अडविणारही नाही. तरीही टीकाकारांचा प्रश्न खोटा म्हणता येत नाही. जिला घराने टाकले आणि सदनाने पोसले, त्या कोवळ्या मुलीच्या मनाचा कौल कितपत मोकळा असणार? सदनात हिंदू मुलींना आपले आचार पाळण्याची मुभा होती. तेथे शिकलेल्या गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या, त्या हिंदूच राहून, ही बाईंची बाजू. मात्र काही वर्षांनी, अमेरिकेतील मंडळाची दहा वर्षांची मुदत संपल्यावर, संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली, हेही विसरता येत नाही. स्वतःची विवेकबुद्धी जपणे कठीण खरेच. पण आपल्या आश्रितांची जपणे त्याहून कठीण, हेच यातून दिसते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो निराधार मुली-बायका केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. प्लेगच्या वेळी पुण्याच्या सरकारी इस्पितळात स्त्रियांची होणारी दैना १८९७ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रातून उघड केली. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

विवेकबुद्धीलाही शिक्षण लागते, नाहीतर तिचा हट्ट होतो, असे ख्रिस्ती विचारवंत बजावीत आले आहेत. रमाबाईंनी ते मनावर घेतले. उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि अवघे बायबल साध्या मराठीत उतरविले, खेड्यातल्या बाईलाही ते स्वतः वाचता यावे म्हणून. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांचे देहावसान झाले. त्यांचा धर्म पटो वा न पटो, दुसऱ्याच्या तोंडून धर्म ऐकण्यापेक्षा तो स्वतः वाचून पारखावा, ही त्यांची शिकवण आपण विद्यार्थ्यांनी तरी घ्यायला हवी.