कोहिनूर लंडनमध्ये चमकलाच नाही, तेव्हा राणीच्या नवऱ्याने काय केलं?

सराफाच्या दुकानात लखलखणारी हिऱ्याची अंगठी घरी आणल्यावर जरा फिकी वाटते. हिरा तोच असतो, बदलतो तो उजेड. हाच अनुभव 1851 साली लंडनमध्ये एका माणसाला आला, फक्त त्याच्यासमोरचा हिरा कोहिनूर होता. तो माणूस म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा नवरा, प्रिन्स अल्बर्ट.

अल्बर्टचा जन्म 26 ऑगस्ट 1819 चा, जर्मनीतल्या कोबर्गजवळचा. नात्याने तो व्हिक्टोरियाचा मामेभाऊ. 1840 मध्ये दोघांचं लग्न झालं आणि तो इंग्लंडला आला. तिथे त्याच्या हातात सत्ता नव्हती, लोकांच्या लेखी तो परका होता. त्यामुळे विज्ञान, कला, उद्योग यांत त्याने स्वतःला झोकून दिलं. त्यातूनच लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगभरातल्या वस्तूंचं भव्य प्रदर्शन भरवायचं ठरलं. त्यासाठी लोखंड आणि सुमारे 3 लाख काचांचा एक महालच उभा राहिला. 1 मे 1851 ला प्रदर्शन उघडलं आणि साडेपाच महिन्यांत 60 लाखांवर तिकिटं खपली.

गर्दी खेचणारी एक वस्तू होती कोहिनूर. 1849 मध्ये पंजाब गिळंकृत करताना इंग्रजांनी अवघ्या 10 वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगकडून तो करारात लिहून घेतला होता. लूटच ती, फक्त कागदावर सही होती. आता तो सोनेरी पिंजऱ्यात ठेवला होता. लोक रांगा लावून आले, बघितलं आणि निराश होऊन गेले. हा तर काचेचा तुकडा वाटतोय, अशी कुजबुज सुरू झाली. वर्तमानपत्रांनीही टिंगल केली.

असं का झालं? हिरा स्वतः प्रकाश देत नाही. आत शिरलेला प्रकाश तो वाकवतो, आतल्या आत परावर्तित करतो आणि पुन्हा बाहेर फेकतो. दिव्याची ज्योत किंवा छोटा प्रखर दिवा असेल आणि भोवती थोडा अंधार असेल, तर हिरा हलताच ठिणग्या उडाल्यासारखं दिसतं, रंगही फुटतात. पण चहूबाजूंनी सारखा पांढरा उजेड पडला की ठिणगी आणि तिच्या शेजारची सावली यांतला फरकच पुसला जातो. काचमहालात नेमकं तेच होत होतं. त्यात कोहिनूरचे पैलू भारतीय पद्धतीचे, चमकेपेक्षा दगडाचं वजन राखणारे. रणजितसिंग तो बाजूबंदात घालत. म्हणजे दगड अंगावर हलायचा, एका जागी पिंजऱ्यात बसून नसायचा.

अल्बर्टने आधी उजेडच बदलून पाहिला. हिऱ्याभोवती कापड लावून अंधार केला, आत गॅसचे दिवे आणि आरसे बसवले. चमक थोडी वाढली, पण गॅसच्या धगीने आत थांबणं कठीण झालं.

मग त्याने सर डेव्हिड ब्रूस्टर या प्रकाशशास्त्रज्ञाचं मत घेतलं. कॅलिडोस्कोप शोधणारे ते हेच. पुन्हा पैलू पाडले तर वजन बरंच घटेल, असा इशारा त्यांनी दिला. तरीही अल्बर्ट थांबला नाही.

जुलै 1852 मध्ये काम सुरू झालं. ॲमस्टरडॅमचे कारागीर बोलावले, वाफेवर चालणारं चाक खास बनवून घेतलं. पहिला पैलू पाडण्याचा मान वयोवृद्ध ड्यूक ऑफ वेलिंग्टनला मिळाला. हा वेलिंग्टन म्हणजे 1803 मध्ये असईच्या लढाईत मराठ्यांना हरवणारा आर्थर वेलस्ली! काम 38 दिवस चाललं, खर्च आला 8,000 पौंड. 38 ग्रॅमचा कोहिनूर 21 ग्रॅमवर आला, म्हणजे आजच्या मापात 191 कॅरेटचा 105.6 कॅरेट. चमक वाढली खरी, पण एवढं वजन गेल्याने खुद्द अल्बर्टच नाराज झाल्याचं सांगतात. शतकानुशतकं जपलेला आकार एका उन्हाळ्यातल्या टिंगलीपायी गेला, असंच म्हणावं लागेल.

1854 मध्ये 15 वर्षांचा दुलीपसिंग लंडनला आला. बकिंगहॅम पॅलेसमध्ये त्याचं चित्र काढलं जात असताना राणीने कोहिनूर त्याच्या हातात दिला. तो हिरा घेऊन खिडकीपाशी गेला आणि उजेडात बराच वेळ न्याहाळत राहिला. नंतर परत येऊन त्याने तो राणीलाच नजर केला. दुसरं करण्यासारखं त्याच्या हातात होतं तरी काय?

अल्बर्ट 14 डिसेंबर 1861 ला, वयाच्या 42 व्या वर्षी विंडसरला वारला. प्रदर्शनातून झालेल्या नफ्यातून लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये जमीन घेतली गेली. आज तिथे संग्रहालयं उभी आहेत, त्यातल्या एकाला व्हिक्टोरियाचं आणि त्याचं नाव आहे. नफ्याचा आकडा होता 1,86,000 पौंड. आणि गंमत म्हणजे, पैलू पाडण्याआधी कोहिनूर त्या काळच्या मापात भरायचा 186 कॅरेट.