सदाको आणि तिचे सोबती

हिरोशिमाच्या शांती स्मारक उद्यानातील अनेक शिल्पांपैकी बालकांचे शांतिस्मारक आम्हांस विशेष जवळचे वाटते. ते शाळकरी मुलांनी उभारले.

सदाको सासाकी हिचा जन्म १९४३ साली हिरोशिमात झाला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. ती बचावली, वाढली, शाळेच्या शर्यतीत चपळाईने धावू लागली. दहा वर्षांनी मात्र तिला रक्ताचा कर्करोग झाला. हजार कागदी क्रौंच घडविल्यास इच्छा पुरी होते, या श्रद्धेने ती रुग्णालयात औषधांच्या वेष्टनांचेही क्रौंच करीत राहिली. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, अवघ्या १२ वर्षांची असताना, तिचे निधन झाले.

प्राथमिक शाळा संपली होती, तरी वर्गसोबत्यांनी तिला अंतर दिले नाही. त्यांनी निधी जमविण्यास आरंभ केला. ३,०००हून अधिक शाळांनी साथ दिली. शिल्पकार काझुओ किकुची यांनी घडविलेल्या नऊ मीटर उंच स्मारकाचे अनावरण ५ मे १९५८ रोजी झाले. शिखरावर हात उंचावून क्रौंच धरलेली मुलगी उभी आहे.

एका वर्गात बसलेल्यांचे नाते शाळेबरोबर संपत नाही, हे आम्ही त्या मुलांकडून शिकावे.