गतीचे कोडे सोडवणारा गॅलिलिओ

बैल थांबले की गाडी थांबते. हात काढला की ढकलगाडी चार पावलांवर उभी राहते. तेव्हा जोर आहे तोवर गती आहे, जोर सरला की गती सरली, असे कोणालाही वाटेल. प्राचीन ग्रीसमधील थोर तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यालाही तसेच वाटले. पुढे काही विद्वानांनी शंका काढल्या; पण युरोपातील विद्यापीठांत शेकडो वर्षे शिकवले जाई ते त्याचेच मत. हे कोडे खऱ्या अर्थाने सोडवायला घेतले ते गॅलिलिओ गॅलिली याने.

त्याचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतील पिसा येथे झाला. वडील तंतुवाद्य वाजवणारे कलावंत. घरात विद्या होती, पैसा मात्र बेताचा. मुलाने वैद्य व्हावे म्हणून १५८१ साली त्यांनी त्याला पिसाच्या विद्यापीठात घातले. पण त्याचे मन गणितात रमले. १५८५ मध्ये पदवी न घेताच तो बाहेर पडला, शिकवण्या करून त्याने दिवस काढले आणि १५८९ साली त्याच विद्यापीठात तो गणिताचा प्राध्यापक झाला! १५९१ मध्ये वडील वारले. धाकट्या भावंडांचा भार आणि बहिणीच्या हुंड्याचे देणे थोरल्या मुलाच्या शिरावर आले. हुंड्याची चिंता तिकडेही होती, हे वाचून मी थबकले.

१५९२ पासून अठरा वर्षे तो पादुआ येथे शिकवीत होता. पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून त्याने दोन गोळे टाकल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकतो. ती त्याच्या शिष्याने मागाहून सांगितली असून अनेक इतिहासकारांना ती खरी वाटत नाही. त्याचे मोठे काम झाले ते एका लाकडी तुळईवर. पडणारी वस्तू इतकी वेगाने पडते की त्या काळच्या साधनांनी वेळ मोजणे कठीण. म्हणून त्याने पडणेच मंद केले. तुळईत सरळ खाच कोरली, तिला गुळगुळीत चर्मपत्र लावले, एक टोक थोडे उचलले आणि काशाचा गोळा सोडला. वेळ मोजण्यासाठी भांड्यातून बारीक धारेने पाणी पडू दिले व ते तोलून पाहिले. गोळा पहिल्या ठरावीक वेळात एक माप गेला, तर तेवढ्याच दुसऱ्या वेळात तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात! वेळ दुप्पट, तर एकूण अंतर चौपट.

पुढे त्याने समोरासमोरच्या दोन उतारांचा विचार केला. एका उतारावरून सोडलेला गोळा दुसऱ्यावर जवळजवळ तेवढीच उंची गाठतो. दुसरा चढ जितका सौम्य, तितका गोळा लांब जातो. मग चढ अजिबात नसला आणि वाट अगदी गुळगुळीत असली तर? गोळ्याला थांबायला कारणच उरत नाही! म्हणजे गती टिकवायला जोर लागत नाही, गती बदलायला जोर लागतो. बैल थांबल्यावर गाडी थांबते, कारण चाक आणि आस, चाक आणि माती यांचे घर्षण तिला अडवते. वस्तूच्या या स्वभावाला पुढे जडत्व हे नाव मिळाले.

या विचाराने आकाशाचे कोडेही सुटू लागले. पृथ्वी फिरत असेल, तर मनोऱ्यावरून सोडलेला दगड मागे का पडत नाही, असे पंडित विचारीत. गॅलिलिओने जहाजाचा दाखला दिला. जहाज संथ चालले असता आतल्या वस्तू त्याच्याच गतीत सामील असतात. धावत्या आगगाडीत वर उडवलेले नाणे आपल्याच हातात परत येते, तसेच हे.

१६०९ मध्ये त्याने दुर्बीण तयार केली आणि १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार उपग्रह पाहिले. पृथ्वी फिरते या मताचा पुरस्कार करू नये, अशी ताकीद धर्मपीठाने त्याला १६१६ साली दिली. तरीही १६३२ मध्ये त्याने या विषयावर संवादरूप ग्रंथ काढला, तोही पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या इटालियन भाषेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. ज्ञान आपल्या भाषेत दाराशी येणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

२२ जून १६३३ रोजी रोम येथे एकोणसत्तर वर्षांच्या या वृद्धाने गुडघे टेकून आपले मत सोडल्याचे जाहीर केले. त्याला जन्मभर नजरकैद झाली. प्रायश्चित्ताची स्तोत्रे दर आठवड्याला म्हणण्याची शिक्षा मठवासी लेकीने आपल्याकडे घेतली. पण २ एप्रिल १६३४ रोजी तीही गेली.

तो भ्याला, असे कोणी म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. त्या दिवशी तो अडून बसता, तर कदाचित हुतात्मा ठरला असता. पण मग पुढचे घडले नसते. फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्री येथील घरात कैदेत असताना त्याने पादुआचे जुने टिपण पुन्हा हाती घेतले आणि गतीवरचा आपला ग्रंथ पुरा केला. १६३८ साली तो हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला, तेव्हा लेखकाचे दोन्ही डोळे गेलेले होते. ८ जानेवारी १६४२ रोजी त्याने देह ठेवला.

त्याचा विचार पृथ्वीच्या सपाट पृष्ठापुरता होता. देकार्तने आणि पुढे न्यूटनने तो सरळ रेषेतील गतीला लावला. १६८७ मध्ये न्यूटनने तो गतीचा पहिला नियम म्हणून मांडला, आणि वस्तुमान जितके जास्त तितका गती बदलायला जोर जास्त, हेही सांगितले. धर्मपीठाने १६३२ च्या त्या ग्रंथावरील बंदी १८३५ साली उठवली आणि १९९२ मध्ये आपली चूक मान्य केली.

हवा नसेल तर जड व हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडतील, असेही गॅलिलिओने सांगितले होते. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीराने चंद्रावर एक हातोडी आणि एक पीस एकदम सोडले. दोन्ही एकाच वेळी खाली पोचले.